कॅमेरा पाहतो, कॅमेऱ्याकडे कोण पाहते?

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील ग्रामदेवस्थानांचे विश्वस्त, शाळाचालक आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांच्या एकत्रित बैठकीत, कॅमेरे बसविण्याच्या व्यवसायात असलेल्या एका अभियंता कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



या बैठकीचे निमंत्रण देताना मला विषय सांगण्यात आला होता, 'सीसीटीव्ही कॅमेरे कोणते घ्यावेत?' मी म्हटले, या विषयावर मला पाच मिनिटेच बोलता येईल. थोडा विषय बदलून द्या. बसविलेले कॅमेरे नेमक्या गरजेच्या दिवशी उपयोगी का पडत नाहीत, यावर बोलतो. त्यावर सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातला काही भाग माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे.

आपण ज्या भूमीत बसलो आहोत, तिला टेहळणी हा विषय नवा नाही. खालापूर तालुक्यातील चावणीजवळच्या उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची फौज कोंडली गेली. कुरवंडे घाटाने तो कोकणात उतरणार, ही खबर शिवाजी महाराजांकडे आधीच पोहोचली होती. खबर आणणारा कोणीतरी होता, ती पारखून घेणारा होता आणि त्याप्रमाणे जंगलात दबा धरून बसणारे मावळे होते. या साखळीतला एक दुवा जरी निखळला असता, तरी खान सुखरूप खाली उतरला असता. आज आपण डोळे विकत घेतो, भिंतीवर ठोकतो आणि पुढची साखळी तयार झाली असे समजतो. आपल्याच बोरघाटात पाहा. १८६३ साली सुरू झालेल्या या रेल्वेमार्गावर पावसाळ्यात दरडींवर नजर ठेवायला आता कॅमेरे आहेत. पण म्हणून सैल झालेले दगड पाडणारी माणसे आणि रुळांवरून पायी गस्त घालणारी माणसे रेल्वेने घरी पाठविलेली नाहीत.

आता माझ्या चुकीची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीही सांगू नये.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या देवळात मी चार कॅमेरे आणि एक रेकॉर्डर बसविला. त्या वेळी देवळात इंटरनेट नव्हते. मी रेकॉर्डरचे घड्याळ माझ्या मनगटातल्या घड्याळाशी हाताने जुळविले आणि काम झाले म्हणून निघून आलो. पुढे विश्वस्तांपैकी एकाला कॅमेरे मोबाईलवर बघायचे होते, म्हणून त्यांनी इंटरनेटची जोडणी घेतली. कोणीतरी तार आणून रेकॉर्डरला लावली. मला बोलाविण्याचे कारणही नव्हते, कारण मोबाईलवर चित्र दिसू लागले होते.

चार महिन्यांनी दानपेटी फुटली. रात्री एकच्या सुमारास देवळाकडून काहीतरी पत्रा वाजल्यासारखा आवाज आला, असे शेजारी राहणाऱ्या गुरवबाईंनी सांगितले. विश्वस्तांनी साडेबारा ते दोनचे चित्रण काढले. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी एक मुलगा खांद्यावर काहीतरी गुंडाळलेले घेऊन सभामंडपात येतो, आत जातो आणि चार मिनिटांनी रिकाम्या हाताने बाहेर पडतो. चेहरा स्पष्ट. ठाकूरवाडीतला, दहावीत शिकणारा मुलगा. दर गुरुवारच्या भजनाला येणारा, मृदंग उचलून ठेवणारा, सतरंज्या गुंडाळणारा. त्याला बोलावले. तो म्हणाला, भजन संपल्यावर मी सतरंजी आत ठेवायला गेलो होतो. भजन साडेदहाला संपले होते. "मग एक वाजता कसली सतरंजी?" असे म्हणून कोणीतरी दोन थपडा मारल्या. त्याच्या वडिलांना बोलावून चार लोकांत उभे केले. पोलीस ठाण्यात नाव द्यायचे ठरले, आणि त्यासाठी चित्रणाची प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून द्यायला मला बोलाविण्यात आले. मी त्या गावात पोहोचलो तो असा.

प्रत उतरविताना मी सवयीने चित्रण थोडे मागे नेले. रात्री बारा वाजता देवळासमोरच्या रस्त्यावर मोठ्या गाडीचे दिवे वळताना दिसले. मी विचारले, "इतक्या रात्री ही कोणती गाडी?" एक जण म्हणाला, "ही तर आपली मुक्कामी एसटी." आणि मग तोच गप्प झाला. मुक्कामी एसटी त्या गावात साडेनऊला येते. तीस वर्षे येते आहे.

रेकॉर्डर अडीच तास पुढे धावत होता. कारखान्यातून येताना त्याच्या आत चीनची प्रमाणवेळ भरलेली होती, आणि ती माझ्याकडून बदलायची राहिली होती. हाताने लावलेले घड्याळ इंटरनेट नसेपर्यंत बरोबर चालले. इंटरनेट जोडताच यंत्राने जगाची वेळ घेतली आणि तिच्यात आपले साडेपाच तास मिळविण्याऐवजी चीनचे आठ तास मिळविले. मुलगा एक वाजून दहा मिनिटांनी आलाच नव्हता. तो आला होता दहा वाजून चाळीस मिनिटांनी, सतरंजी ठेवायला.

खरा एकचा प्रहर चित्रणात साडेतीनला होता. तिथे तोंडाला फडके बांधलेली दोन माणसे होती. कॅमेरा इतक्या उंचावर होता की त्यांच्या डोक्यावरचे केस तेवढे चांगले दिसले. ती दोघे आजतागायत सापडलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आणि मी वाडीवर गेलो. अध्यक्षांनी हात जोडले, मीही जोडले. मुलाच्या वडिलांनी आम्हाला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिले आणि फारसे काही बोलले नाहीत. मुलगा झोपडीतून बाहेर आला नाही. पुढच्या गुरुवारी तो भजनाला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आपण समरसतेची व्याख्याने करतो, सहभोजने करतो, वनवासी वाड्यांवर वैद्यकीय पथके नेतो. त्या सगळ्या कामाने कित्येक वर्षांत जोडलेला एक मुलगा माझ्या एका न पाहिलेल्या रकान्यामुळे एका सकाळीत तुटला.

म्हणून आज पहिली विनंती कॅमेऱ्याविषयी नाही, घड्याळाविषयी आहे. घरी गेल्यावर रेकॉर्डरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाईलवरची वेळ शेजारी-शेजारी धरून पाहा. फरक असेल तर यंत्राच्या मांडणीत प्रमाणवेळ साडेपाच तास आहे का ते तपासा. काही यंत्रांत कोलकाता किंवा नवी दिल्ली अशा नावाने ती असते. इंटरनेट असेल तर आपोआप वेळ जुळविण्याची सोय चालू करा. आपल्या देशाची प्रमाणवेळ राखणारी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा दिल्लीत आहे आणि तिचा वेळदर्शक इंटरनेटवरून सर्वांना खुला आहे. तो तिथे नोंदविता येतो. इंटरनेट नसेल तर रेकॉर्डरमधला बटणाएवढा सेल दर दोन-तीन वर्षांनी बदलून घ्या. तो सेल संपला की वीज गेल्यावर यंत्र आपली तारीख विसरते आणि वीज परत आल्यावर कुठल्यातरी जुन्या वर्षातल्या १ जानेवारीपासून नव्याने मोजू लागते.

वेळेचे महत्त्व न्यायालयातही किती असते, याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज विहित मुदतीनंतर दाखल झाला की आधी, हा वाद उभा राहिला, आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनातील कॅमेऱ्यांचे चित्रण हा त्यातला महत्त्वाचा पुरावा ठरला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्याच्या १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ यंत्र हजर न करता नुसती प्रत दिली, तर तिच्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या ६३ व्या कलमात हीच तरतूद अधिक तपशिलाने आली आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. म्हणजे चोरीनंतर मोबाईलने पडद्याचाच फोटो काढून गटागटांवर फिरविणे, हे पुराव्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आणि त्या मुलासारख्या निरपराध माणसाच्या दृष्टीने क्रूर आहे. काही घडले तर यंत्राला हात लावू नका, ते चालू ठेवा, आणि पोलिसांना व यंत्र बसविणाऱ्याला एकाच वेळी कळवा.

दुसरी गोष्ट हार्ड डिस्कची. आपल्या बहुतेक गावांत दानपेटी महिन्यातून एकदा, संकष्टीच्या आगेमागे उघडतात. कोणी रोज थोडे थोडे पैसे तारेने ओढून काढत असेल, तर ते महिनाअखेरीस लक्षात येते. मग आपण चित्रण शोधतो आणि यंत्रात फक्त पाच दिवसांचे असते. कारण साधे गणित कोणी मांडलेले नसते. एक चांगला कॅमेरा सेकंदाला साधारण २ मेगाबिट या वेगाने चित्रण पाठवितो असे धरा. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे एका कॅमेऱ्याचे एका दिवसाचे २१.६ जीबी झाले. आठ कॅमेऱ्यांचे सुमारे १७३ जीबी. एक टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. चार टीबीची तेवीस दिवस पुरते. महिना हवा असेल तर सहा टीबी घ्यावी लागते. दुकानदार स्वस्त दर देतो तेव्हा तो बहुधा डिस्कमध्ये हात राखून देतो. आणि घरच्या संगणकातली डिस्क काढून तिथे लावू नका. अखंड लिहीत राहण्यासाठी वेगळ्या डिस्क मिळतात.

डिस्क मरते ती आवाज न करता. पडद्यावर चित्र दिसत राहते, कारण ते थेट कॅमेऱ्यातून येते. साठवण मात्र बंद पडलेली असते. मी अशी देवळे पाहिली आहेत जिथे पुजाऱ्यांनी रोज पडद्याला उदबत्ती ओवाळली, पण मागच्या पावसाळ्यापासून आत काहीच लिहिले जात नव्हते. त्याला एकच उपाय आहे. आठवड्यातून एकदा कालच्या रात्रीचे आणि वीस दिवसांपूर्वीचे असे दोन तुकडे प्रत्यक्ष उघडून पाहा.

आता विजेकडे वळतो. आपल्या भागाचे हे एक नवलच आहे. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून मुंबईचे कारखाने आणि रेल्वे चालवीत आले. १९४२ च्या लढ्यात भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने याच डोंगरांतले विजेचे मनोरे पाडून मुंबईचा पुरवठा तोडला होता, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल व हिराजी पाटील यांनी प्राण दिले. ज्या भूमीतून वीज गेली, त्या भूमीतल्या वाड्यांत पहिल्या वळवाच्या सरीला आजही अंधार होतो. चोरांना हे ठाऊक असते. संगणकासोबत मिळणारा छोटा यूपीएस रेकॉर्डर, स्विच आणि आठ कॅमेऱ्यांचा भार अर्धा तासही नीट ओढत नाही. त्यापेक्षा घरगुती इन्व्हर्टर आणि दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी घ्या; सगळा भार शंभर वॅटच्या आसपास असेल तर रात्र निघते. बॅटरीत पाणी घालायची जबाबदारी मात्र एका नावावर लिहून ठेवा. सगळ्यांची जबाबदारी म्हटली की बॅटरी कोरडी पडते.

विजेच्या कडकडाटाबद्दल एक सांगतो. देऊळ आणि धर्मशाळा अशा दोन इमारतींत तांब्याची तार ओढली असेल, तर वैशाखातल्या एका रात्रीत स्विच आणि सगळे कॅमेरे एकदम जाऊ शकतात. दोन इमारतींमध्ये ऑप्टिकल फायबर टाका. काचेच्या धाग्यातून वीज जात नाही. शिवाय तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा शंभर मीटर आहे, आणि आपल्याकडे वेशीपासून देऊळ त्याहून लांबच असते. भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, नीट आहे का ते वायरमनकडून मोजून घ्या. जमिनीत खिळा ठोकून तार गुंडाळणे याला अर्थिंग म्हणत नाहीत.

मला सर्वांत जास्त येणारी तक्रार सांगतो. "साहेब, कॅमेरा दिवसा झकास चालतो, रात्री जातो, सकाळी आपोआप येतो." यावर गावोगावी बाहेरच्या बाधेपर्यंत तर्क झालेले मी ऐकले आहेत. कारण असे असते. अंधार पडला की कॅमेऱ्यातले अवरक्त दिवे लागतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांना वीज लागते. ज्या केबलमधून चित्र येते तिच्यातूनच वीजही जात असते. केबल लांब असेल आणि स्वस्तातली असेल, तर हा वाढीव भार तिला सोसत नाही. दाब पडतो, कॅमेरा बंद होतो, भार गेल्यावर पुन्हा चालू होतो, पुन्हा दिवे लावतो, पुन्हा बंद पडतो. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास तांब्याची म्हणून विकली जाते. ब्लेडने तार खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर ती भिंतीत गाडण्याआधीच परत करा. केबल चांगली असूनही असे होत असेल, तर स्विचची एकूण क्षमता पाहा. आठ तोंडांचा स्विच आठही कॅमेऱ्यांना रात्रीच्या भारासह पुरेशी वीज देईलच असे नाही. त्याची एकूण वॅटची मर्यादा पाठीवर लिहिलेली असते.

बिघाड शोधण्याची रीत वैद्यासारखी असावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बंद पडलेला कॅमेरा उतरवून रेकॉर्डरच्या खोलीत आणा आणि चालू असलेल्या एक मीटरच्या तारेने स्विचला जोडा. चालला, तर कॅमेरा निर्दोष आहे आणि दोष केबलमध्ये किंवा जोडणीत आहे. नाही चालला, तर दुसऱ्या तोंडात लावून पाहा. एवढ्यात निम्मा प्रश्न सुटतो आणि तंत्रज्ञाची एक खेप वाचते. स्विचवरचा दिवा लागतो पण चित्र येत नाही, असे असेल तर दोन कॅमेऱ्यांना एकच क्रमांक दिला गेला आहे का पाहा. कारखान्यातून एका जातीचे सगळे कॅमेरे एकाच पत्त्याने येतात. एका गल्लीत एकाच नावाची दोन घरे असली की पोस्टमन गोंधळतो, तसेच इथे होते. एकदा हा दिसतो, एकदा तो. प्रत्येक कॅमेऱ्याचा पत्ता वेगळा करून तो कागदावर लिहा आणि तो कागद रेकॉर्डरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

पावसाळ्यातले आजार वेगळे. जोडणीच्या टोकात पाणी शिरून आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. कॅमेऱ्याच्या खाली केबलला एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी त्या झोळावरून खाली गळेल, आत शिरणार नाही. जोडणी उघड्यावर न ठेवता बंद डबीत ठेवा. रात्री चित्र पांढरे धुरकट दिसते, तेव्हा कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याच्या उजेडाला किडे येतात, किड्यांच्या मागे कोळी येतो, आणि कोळ्याचे जाळे भिंगापुढे चमकते. केरसुणीचे काम आहे ते. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांना माकडांचा त्रास ठाऊक आहेच. केबल नळीत घालून भिंतीला घट्ट बांधली नाही, तर ती त्यांच्या झोपाळ्याच्या कामी येते.

कॅमेरा कुठे लावावा, याविषयी एकच हिशेब लक्षात ठेवा. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यावा यासाठी चित्रातल्या एक मीटर रुंदीत सुमारे २५० बिंदू लागतात, असे या क्षेत्राचे प्रमाण आहे. साध्या एचडी कॅमेऱ्यात आडवे १,९२० बिंदू असतात. भागाकार केला तर साडेसात मीटर रुंदीपर्यंतच चेहरा ओळखू येतो. सगळा सभामंडप आणि पुढचे पटांगण एकाच कॅमेऱ्यात मावते म्हणून आपण खूश होतो, पण त्यात माणसे मुंग्यांएवढी असतात. एक कॅमेरा सगळे पाहण्यासाठी असू द्या. दुसरा दारासमोर, सात-आठ फूट उंचीवर, येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघणारा असू द्या. दारातून मागून ऊन येत असेल तर चेहरा काळा पडतो. त्यासाठी कॅमेऱ्यात वेगळी मांडणी असते, ती चालू करून घ्या. माझ्या त्या देवळात कॅमेरा पंधरा फुटांवर होता. विश्वस्तांना तो दिसायला सुंदर हवा होता आणि मी नाही म्हटले नाही.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, चिनी कॅमेरे घ्यावेत का? माझे मत सरळ आहे. घेऊ नयेत. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२४ रोजी अधिसूचना काढली आणि ९ एप्रिल २०२५ पासून नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक तपासणी सक्तीची झाली. अमेरिकेने त्याआधीच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, काही चिनी कंपन्यांच्या नव्या उपकरणांना परवानगी देणे बंद केले होते. तेव्हा खरेदी करताना या तपासणीचे प्रमाणपत्र मागा. नुसते डब्यावरचे भारतीय नाव पाहून समाधान मानू नका. पण स्वदेशी कॅमेरा घेतला आणि कारखान्याचा पासवर्ड तसाच ठेवला, तर त्या स्वदेशीला काही अर्थ राहत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्या बळावर अमेरिकेतल्या मोठ्या संकेतस्थळांचा कारभार काही तास ठप्प केला. त्यासाठी कोणतीही विद्या लागली नव्हती. कारखान्यातून आलेले सोपे पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले गेले, आणि लोकांनी ते बदललेलेच नव्हते. जुने यंत्र आजच फेकून देण्याची ऐपत सर्वांची नाही, हे मी जाणतो. पासवर्ड बदला, आणि मोबाईलवर बघण्याची खरोखर गरज नसेल तर इंटरनेटची तार काढून ठेवा. कॅमेरे तिच्याशिवायही चित्रण साठवितात. तार काढलीत, तर मात्र घड्याळ हाताने तपासण्याची जबाबदारी पुन्हा आपल्यावर येते.

शाळाचालक बसले आहेत, म्हणून दोन शब्द. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच रेल्वेमार्गावरच्या बदलापुरात लहान मुलींच्या बाबतीत जे घडले, त्यानंतर राज्य शासनाने सर्व शाळांत कॅमेरे बंधनकारक केले. त्या आदेशात आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली आहे. कॅमेरे लावले गेले. तपासणीचे काय, हे आपापल्या मनाला विचारा. कॅमेरा जिन्यात, व्हरांड्यात, प्रसाधनगृहाकडे जाणाऱ्या वाटेवर हवा. प्रसाधनगृहात किंवा मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीत तो कधीही नको. चित्रण पाहण्याचा अधिकार दोघांनाच असावा आणि त्यात एक शिक्षिका असावी. कॅमेरा आहे म्हणून मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभे राहणारे शिक्षक कमी करू नका.

थोडे विषयांतर करतो. कर्जत परिसरात मुंबई-पुण्याच्या मंडळींची शेतघरे वाढली आहेत आणि त्यांचे बरेचसे काम माझ्याकडे येते. एका घरमालकाने राखणदाराच्या झोपडीच्या अंगणावर कॅमेरा लावायला सांगितला. तिथे त्याची बायको भांडी घासते, लेकरे अंघोळ करतात. मी नकार दिला. काम गेले, दुसऱ्याने ते केलेही असेल. फाटकावर पाहिजे तेवढे कॅमेरे लावा. दुसऱ्याच्या चुलीकडे भिंग वळविण्याचा अधिकार पगार दिल्याने मिळत नाही.

आपल्या रायगड जिल्ह्यात दिवेआगरला मार्च २०१२ मध्ये सुवर्णगणेशाचा मुखवटा दरोडेखोरांनी नेला आणि मंदिराच्या दोन रखवालदारांचा जीव घेतला. पुढे आरोपी सापडले, त्यांना शिक्षा झाली, वितळविलेले सोने मिळाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. ते दोन रखवालदार मात्र परत आले नाहीत. महडच्या वरदविनायकासारख्या मोठ्या देवस्थानाला माणूसबळ असते. आपल्या लहान देवळांत रात्री एखादा वृद्ध गुरव एकटा झोपतो. कॅमेरे आले म्हणून त्याला एकटे सोडू नका. गावातल्या चार तरुणांनी आळीपाळीने देवळात झोपावे. कॅमेरा त्यांच्या मदतीला आहे.

शेवटी या कागदाविषयी. मी एक साधे नोंदपत्रक तयार केले आहे, दर आठवड्याला भरायचे. पहिला रकाना रेकॉर्डरच्या आणि मोबाईलच्या वेळेचा, दुसरा कालचे चित्रण उघडले का याचा, तिसरा वीस दिवसांपूर्वीचे उघडले का याचा, चौथा बॅटरीचा, पाचवा रात्री आठनंतर किती कॅमेरे दिसले याचा. खाली सही. पहिला रकाना कोणामुळे आला, ते आता आपल्याला ठाऊक आहे. तो मुलगा बारावी झाला. मागच्या वर्षी त्याच्याच वाडीवरच्या शाळेत कॅमेरे लावण्याचे काम निघाले, तेव्हा मी त्याला मदतनीस म्हणून बोलावून पाहिले. आला. दिवसभर शिडी धरली, केबल ओढली, काम चांगले केले. संध्याकाळी रेकॉर्डर चालू केला, तेव्हा वेळ लावायला मी खुर्ची त्याच्याकडे सरकविली. त्याने आधी प्रमाणवेळेचा रकाना उघडला. देवळाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

नोंदपत्रकाच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. प्रत्येक संस्थेने दोन-दोन घ्याव्यात. कमी पडल्या तर झेरॉक्स काढून देतो. आणि आज घरी जाताना वाटेत देवळाशी थांबता आले, तर पहिला रकाना आजच भरून टाका.